आमची डॉक्टर शिकतेय

१२ जानेवारी, सोमवार

कॉलेजातल्या माझ्या सल्लागार टॅल्मजबाई म्हणाल्या, वही ठेव. त्यांना हवी ती वही वेगळी. कुठल्या डॉक्टरच्या मागे किती तास उभी राहिलीस, काय पाहिलंस, काय शिकलीस, सगळं तारीखवार. मेडिकलच्या अर्जाला ते लागतं. मी एकाच वहीला दोन्हीकडून सुरुवात केलीय. पुढून तास, मागून मी. मागची बाजू टॅल्मजबाईंना दाखवायची नाही.

या सत्रात पाच विषय घेतलेत आणि पाचही सायन्सचे: ऑरगॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, मायक्रोबायॉलॉजी. त्यातल्या चारांना प्रॅक्टिकल. बाईंनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला. "मार्ना, हे वेळापत्रक आहे की शिक्षा?"

शिक्षाच आहे, पण माझी मी ओढवून घेतलेली. ज्या जिल्ह्यात एकही डॉक्टर नाही तिथल्या मुलांसाठी मेडिकलला आठ जागा राखून ठेवतात, त्यातली एक माझी. अटी तीन. 'बी'च्या खाली ग्रेड नको. तिसरं वर्ष संपायच्या आत सगळे विषय व्हायला हवेत. आणि विषय मधेच सोडायची मुभा फक्त एकदा. ती एकदाची मुभा मी ऑक्टोबरात फिजिक्सवर उधळून बसले. आता एक जरी विषय सोडला किंवा एकात जरी आपटले तरी जागा गेली.

आमच्या गावात, हॅडलीत, सहा वर्षं डॉक्टर नाही. डॉ. प्रुइट थकून मुलाकडे अ‍ॅरिझोनाला गेले ते गेलेच. सगळ्यात जवळचं हॉस्पिटल सत्तर मैलांवर. दवाखान्याच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलीत. नाताळच्या सुट्टीत किराणा दुकानात गेले तर तीन बायकांनी मला चामखिळी दाखवल्या. एकीने तर गोठवलेल्या भाज्यांच्या कपाटापाशीच बाही वर केली. मी म्हटलं, "अहो, मी अजून डॉक्टर नाही." तर म्हणे, "होशीलच की. तोवर एवढी बघून ठेव."

१८ जानेवारी, रविवार

रविवारचा फोन. पद्धत ठरलेली. चर्चहून येऊन जेवणं झाली की आई फोन लावते, हवामान सांगते, कोण वारलं ते सांगते आणि फोन बाबांकडे देते. बाबांना फोनवर बोलता येत नाही, ते फोनवर ओरडतात. हॅडलीहून इथे लिंकनपर्यंत तीनशे मैल आवाज स्वतःच पोचवायचाय असं त्यांना वाटतं.

"काय डॉक्टरीणबाई, किती हाडं पाठ झाली?"

"हाडं नाहीत बाबा, अजून रसायनंच चाललीत."

"तिसरं वर्ष आलं ना? मग गाय कधी शिकवणार?"

म्हटलं, गाय फक्त ऑर्विलना शिकवतात. ऑर्विल म्हणजे आमच्याकडचे गुरांचे डॉक्टर, बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. बाबा हसले, मग थोडा वेळ दम खात राहिले. पहिली वासरं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येतील म्हणाले. या वर्षी दोनशे दहा गाई गाभण आहेत आणि मदतीला मी नाही. हे त्यांनी म्हटलं नाही, मीच म्हणतेय.

३० जानेवारी, शुक्रवार

ऑरगॅनिकच्या पहिल्या चाचणीत ६१. ऐकायला भयंकर वाटतं, पण वर्गाची सरासरी ५४, म्हणजे मला बी. इथे मार्क कुणाचे एकट्याचे नसतात. बाकीचे जितके खोल बुडतील तितके आपण वर. पेपर हातात आला की सगळे आधी शेजाऱ्याच्या पेपरात डोकावतात, आणि शेजारी रडकुंडीला आला असेल तर मनातल्या मनात बरं वाटतं. मला वाटलं. लाज वाटली, तरी वाटलं.

थुईला ८८. थुई माझी प्रॅक्टिकलची जोडीदार. तिच्याकडे बघून वाटतं हिच्या डोक्यात जन्मतःच तक्ते टांगलेत. म्हणाली, "तू पाठ करतेस. पाठ काय करतेस, काय कुठून कुठे जातंय ते बघ ना."

"बघायला वेळ लागतो गं बाई. पाठ करायला कमी लागतो."

सकाळी डॉ. लिंडक्विस्ट यांच्या दवाखान्यात चार तास. सत्तरीचे आहेत, जातील तिथे गळ्यात तेच जुनं स्टेथोस्कोप. एका बाईला 'दुखतं कधी' एवढंच त्यांनी चार तऱ्हांनी विचारलं. जेवल्यावर? बसल्यावर? चालताना? जिना चढताना? बाई बिचारी सांगून दमली आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते, कारण अकराला जेनेटिक्स. वहीच्या पुढच्या बाजूला लिहिलं: चार तास. काय शिकले: 'संयम'. टॅल्मजबाईंना असले शब्द आवडतात.

८ फेब्रुवारी, रविवार

आज मी पहिला रोगी तपासला!

आईने हवामान सांगितलंच नाही. सरळ म्हणाली, "थांब, बाबा बोलतायत," आणि मागून तिचा आवाज आला, "विचार तिला. आत्ताच विचार."

बाबा आज ओरडले नाहीत. म्हणाले, "काही नाही गं, आई उगीच. इथे मधे जळजळतं जरा."

"कुठे? छातीच्या खाली?"

"छातीच्या मधे. कधी वर घशापर्यंत येतं. जबडाही धरतो, पण तो माझा दाढेचा प्रकार."

"जेवल्यावर होतं का?"

"हो, जेवल्यावर. नाश्ता करून गवत घालायला निघालो की."

काय खाल्लं विचारलं. डुकराच्या मांसाची तळलेली पट्टी, अंडी, तीन कप कॉफी. मी म्हटलं, मग काय होणार बाबा! अ‍ॅसिडिटी आहे ही, सरळ सरळ. परवाच बायोकेमिस्ट्रीत झालंय आमचं. मग मी त्यांना पोटातलं आम्ल कसं तयार होतं, ते वर कसं चढतं, कॉफीने काय होतं, सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं होतं मला यातलं निम्मं आठवणार नाही, पण घडाघडा आलं. बाबा मधेमधे "असं होय", "बघ की" म्हणत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे जायला नको ना कुठे?"

"कशाला? गोळ्या चघळा त्या, दुकानात मिळतात. कॉफी कमी करा."

"बघ फेर्न," बाबा आईला म्हणाले, फोन तोंडापासून दूर न धरता, "अर्ध्या मिनिटात सांगितलं. आमची डॉक्टर शिकतेय, उगीच नाही."

मला इतका आनंद झाला की नंतर दोन तास ऑरगॅनिक समजत गेलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

बत्तीस वासरं झाली. दोन गेली. थंडी उणे वीस.

गोळ्यांनी बरं आहे म्हणाले. "जळजळायला लागलं की बादली पालथी घालतो, तिच्यावर बसतो, दोन गोळ्या चघळतो. दहा मिनिटांत साफ. उठून परत कामाला." बघा. बादलीचं ऐकून हसूच आलं मला.

त्यांना घाम फार येतो म्हणे. उणे वीसमध्ये घाम! म्हटलं, तीन कोट घातल्यावर येणारच.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दवाखान्यातून आल्यावर थुईबरोबर सूप प्यायला गेले. तिला बाबांची गोष्ट सांगितली, म्हणजे बढाईच मारली. ती ऐकता ऐकता चमचा खाली ठेवून म्हणाली, "तुझ्या बाबांचं वय काय?"

"अठ्ठावन्न."

"लिंडक्विस्टना विचार की. दर शुक्रवारी तर त्यांच्या शेपटीसारखी फिरतेस."

विचारायला हरकत नाही, पण त्यांचं शिफारसपत्र मला मे महिन्यात हवंय. दवाखान्यात घरचं गाऱ्हाणं नेलं तर त्यांना काय वाटेल? शिवाय अ‍ॅसिडिटीसारखी गोष्ट विचारली तर म्हणतील, एवढंही येत नाही हिला. टॅल्मजबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलंय, तिथे आपण दिसायचं नाही, भिंतीसारखं उभं राहायचं. थुईला म्हटलं, बघते.

१ मार्च, रविवार

फोन घेतला नाही. उद्या फिजिक्स, परवा जेनेटिक्स. आईला आधीच सांगून ठेवलं होतं.

४ मार्च, बुधवार

फिजिक्स बी. जेनेटिक्स सी अधिक. सी अधिक म्हणजे बीच्या दोन पायऱ्या खाली. अजून दोन चाचण्या आहेत, भरून निघेल. निघायलाच हवं. आज मायक्रोबायॉलॉजीच्या प्रॅक्टिकलला काच फोडली आणि तिथल्या शिकवणाऱ्या बाईंसमोर मुसमुसून रडले. काचेसाठी नाही. कशासाठी ते मलाही कळलं नाही. बाईंनी झाडू आणून दिला.

१२ मार्च, गुरुवार

बाबा आले होते! न सांगता. ट्रॅक्टरचा कुठलासा भाग लिंकनशिवाय मिळत नव्हता म्हणे. अरे, कुरियरने मागवता येतो तो भाग, आणि वासरांचा मोसम ऐन भरात असताना बाबा गोठा सोडून कधी कुठे गेलेत? पण आले. खालून फोन केला, "तुझ्या इमारतीच्या दारात आहे." माझी खोली तिसऱ्या मजल्यावर. म्हटलं, वर या, मला चाळीस मिनिटं आहेत, मग प्रॅक्टिकल.

चाळीसातली दहा तर ते वर यायलाच गेली. मी जिन्यात डोकावले तर दुसऱ्या मजल्यावर थांबून सूचनाफलक वाचत उभे. मी वरून ओरडले, "बाबा, कुणाची तरी हरवलेली मांजर आहे ती, त्यात वाचण्यासारखं काय आहे?" तर मान न वळवता म्हणाले, "करडी आहे. छान आहे." आणखी थोडा वेळ वाचत राहिले. माझा जीव नुसता खालीवर होत होता, आज ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलला उशिरा जाणाऱ्याला आत घेत नाहीत.

वर आले, पलंगावर बसले. बर्फपेटीतून गोमांस आणलं होतं. आमच्या खोलीत ठेवायला जागा नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. रंग उतरल्यासारखा वाटला, पण मार्चमध्ये घरी सगळे असेच दिसतात, महिनाभर कुणी सरळ झोपलेलं नसतं. भिंतीवरचे माझे तक्ते बघितले. म्हणाले, "हे सगळं तुझ्या डोक्यात?"

"निम्मं. उरलेलं परीक्षेच्या दिवशी सांडतं."

मग हातातली टोपी फिरवत म्हणाले, "ऑर्विल म्हणत होता..."

मी बॅग भरत होते. म्हटलं, "बाबा, ऑर्विल गुरांचे डॉक्टर आहेत. तुम्हाला चार पाय फुटले की त्यांचं ऐकू."

खूप हसले. इतके की डोळ्यांत पाणी आलं. "तेच म्हटलं मी त्याला," म्हणाले. मग मी निघाले. म्हटलं, बसा हवं तेवढं, दार ओढून घ्या. प्रॅक्टिकलहून आले तर पलंग नीट केलेला होता, कपबश्या धुवून पालथ्या घातलेल्या. पाच तास गाडी चालवून आले, माझ्याशी वीस मिनिटं बोलले, पाच तास परत. असं कुणी करतं का? वाईट वाटलं. पण प्रॅक्टिकल चांगलं झालं.

२७ मार्च, शुक्रवार

विषय सोडायचा आजचा शेवटचा दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत. मायक्रोबायॉलॉजी सोडली तर बाकीचे चार नीट होतील. पण जागा जाईल. फॉर्म आणून टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. शेवटी न राहवून भर दुपारी घरी फोन लावला. बाबाच होते घरात. दुपारी दोनला, घरात! मी विचारलंही नाही का ते.

सगळं सांगितलं. म्हणाले, "जमत नसेल तर सोड पोरी. सहा वर्षं काढलीत डॉक्टरशिवाय, आणखी काढू. गाव काही मरत नाही."

त्यांनी इतकं सहज म्हटलं ना, त्यानेच मला चीड आली. स्वतःची. फॉर्म फाडून टाकला. पाचही विषय ठेवलेत.

५ एप्रिल, रविवार

वासरं एकशे नव्वद. बाबा फोनवर दोनच मिनिटं. दाढेसाठी वीस तारखेची वेळ घेतलीय, वासरांचं संपलं की. गोळ्या संपतात म्हणून आता मोठी बरणी आणलीय म्हणे.

जेनेटिक्स बी वजा. अजून थोडं. थोडंच.

१२ एप्रिल, रविवार, ईस्टर

घरी गेले नाही. गुरुवारी ऑरगॅनिकची तिसरी चाचणी, सगळ्यात मोठी. वसतिगृहात चार जणी उरलो होतो, उकडलेली अंडी रंगवायच्या ऐवजी तशीच खाल्ली.

बाबा म्हणाले, "आज आली असतीस तर..." आणि थांबले. मी म्हटलं, तर काय? "काही नाही. रताळी होती. तू अभ्यास कर."

१४ एप्रिल, मंगळवार

दहा वाजता आईचा फोन आला. मी फिजिक्सच्या तासाला होते, बाहेर येऊन घेतला.

बाबा गेले. गवत घालायला गेले होते. ट्रॅक्टर बराच वेळ एकाच जागी गुरगुरत राहिला म्हणून आई बघायला गेली. फाटकापाशी पडले होते. हृदय, असं हॉस्पिटलात म्हणाले. तिकडे नेताना गाडीतच गेले, फाटकापासून अकरा मैलांवर.

थुई मला घरी सोडायला येतेय.

१६ एप्रिल, गुरुवार

ऑरगॅनिकची चाचणी आत्ता चालू असेल. प्राध्यापकांना कळवलं होतं. कचेरीतून उत्तर आलंय: दुःखद घटनेबद्दल सहवेदना, पुन्हा चाचणी पुढच्या गुरुवारी सकाळी आठला, येताना अंत्यविधीचा चर्चमधला छापील कागद घेऊन यावा, ज्यावर नाव आणि तारीख असेल. ईस्टरच्या सुमारास दरवर्षी बऱ्याच जणांच्या आज्या मरतात, म्हणून पुरावा मागतात. मला माहीत होतं. पूर्वी मीही हसलेय त्या विनोदाला.

शेजारचे सगळे येऊन वासरं बघतायत. कुणी सांगितलं नाही, यादी केली नाही, आपोआप पाळ्या लागल्या. मी खिडकीतून बघते. बाबांची पालथी बादली आहे तिथेच आहे, तिच्यावर कुणी बसत नाही.

१९ एप्रिल, रविवार

काल दफन झालं. चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅमची सँडविचं, बटाटे, सतरा तऱ्हांची जेली. जो येतो तो माझा हात धरून म्हणतो, "तुझा फार अभिमान होता त्याला." मी मान हलवत होते. छापील कागद दोन घेतले, पर्समध्ये ठेवले.

सगळे गेल्यावर ऑर्विल खुर्च्या घडी करून लावत होते. मी मदतीला गेले. चार-पाच खुर्च्या झाल्यावर म्हणाले, "मार्ना, एक सांगायचंय. सांगू की नको, तीन दिवस विचार करतोय."

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका कालवडीचं पोट कापून वासरू काढायचं होतं. बाबा दिवा धरून उभे होते. धरता धरता राखेसारखे झाले आणि खाली बसले. "घामाने निथळत होता. मी हातमोजे काढले आणि गाईला लावतो तेच स्टेथोस्कोप त्याच्या छातीला लावलं. मला माणसाचं काय कळतं? पण ते ठीक नव्हतं, एवढं कळलं. म्हटलं, लायल, आत्ता ऊठ. गाडीत बस. हॉस्पिटल. कालवडीचं मी बघतो."

"मग?"

"हसला. म्हणाला, आमची डॉक्टर शिकतेय लिंकनला. तिला विचारलंय. अ‍ॅसिडिटी आहे." ऑर्विलनी खुर्ची भिंतीला टेकवली, ती घसरली, पुन्हा टेकवली. "मी म्हटलं, तिला पुन्हा विचार. चढावर होतं, बसलं की थांबतं, असं नीट सांग तिला. फोनवर नको, समोर जा. तो गेला होता ना तुझ्याकडे?"

"आले होते."

"मग विचारलं का त्याने?"

मी म्हटलं, "मला प्रॅक्टिकल होतं."

ऑर्विलनी आणखी एक खुर्ची घडी केली. मला त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाले, "फेर्नला मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही."

मला बाबांना हाक मारायचीय. दुसरं काही नको. एकदा हाक मारून म्हणायचंय, बसा, सांगा, ऑर्विल काय म्हणत होते.

२० एप्रिल, सोमवार

दाताच्या डॉक्टरांकडून आठवणीचा फोन आला. आईने घेतला. "नाही, येणार नाहीत," एवढंच म्हणाली आणि आभार मानून ठेवला.

२२ एप्रिल, बुधवार

उद्या आठला चाचणी. दुपारी निघायचं ठरवलं होतं.

सकाळी डेल्बर्ट आले. पलीकडच्या रँचचे, सत्तरीला आलेले. रविवारपासून सकाळची पाळी त्यांची आहे. गवत घालून आत कॉफीला आले, टेबलाशी बसले आणि आई आत गेलेली बघून हळूच म्हणाले, "डॉक्टरीणबाई, एक विचारू का? हा डावा हात जरा भरून येतो. इथून इथपर्यंत. कशाचं असेल गं?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही."

"म्हणजे साधारण?"

"साधारणही माहीत नाही. मी डॉक्टर नाही. उठा."

"कॉफी तरी संपवू दे."

"डेल्बर्ट, उठा! गाडीत बसा!"

मी इतकी जोरात ओरडले की ते उठलेच. वाटेत सत्तर मैल कुरकुर करत होते. बायकोला सांगितलं नाही, कुत्रं बाहेर राहिलंय, लोक हसतील. मी नुसती रस्त्याकडे बघत गाडी चालवत होते. बोलले असते तर गाडी खड्ड्यात घातली असती.

हॉस्पिटलात त्यांच्या छातीला तारा लावल्या, कागद काढला, रक्त घेतलं. मग तीन तास बसायला सांगितलं, कारण रक्त पुन्हा घ्यायचं असतं, एकदा घेऊन भागत नाही. हे मला माहीत नव्हतं. पाच विषयांत कुठेच आलेलं नाही. तीन तासांनी डॉक्टरबाई आल्या, माझ्याहून फार तर दहा वर्षांनी मोठ्या. डेल्बर्टचा हात धरून वर उचलला, मागे नेला. "वासरू ओढलंत का अलीकडे साखळीने?" सोमवारी ओढलं होतं. खांदा भरलाय. काही नाही. शेक घ्या.

"बघ!" डेल्बर्ट मला म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?"

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तरी आणलंत ते चांगलं केलंत. न तपासता आम्हालाही सांगता येत नाही."

एक यंत्र, दोनदा रक्त आणि तीन तास. मी अर्ध्या मिनिटात सांगितलं होतं. बाहेर गाडीशी येऊन मी रडायला लागले ती थांबेचना. डेल्बर्ट घाबरून गेले. "अगं, मी ठीक आहे, तुझ्यासमोरच सांगितलं ना त्यांनी," असं पुन्हा पुन्हा म्हणत माझ्या पाठीवर थोपटत होते, दुखऱ्याच हाताने.

घरी पोचायला साडेचार झाले. आई ओट्याशी उभी होती, शेजाऱ्यांची भांडी धुवून प्रत्येकावर नावाची चिठ्ठी लावत होती. "काय निघालं?"

"खांदा. काही नाही."

"मग डोळे का असे?"

मी सांगून टाकलं. फेब्रुवारीतलं, गोळ्या, जिना, मांजर, सगळं. ऑर्विलचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण तेही आलं. शेवटी म्हटलं, "मी त्यांना जायला नको म्हणाले, आई. त्यांनी विचारलं होतं आणि मी नको म्हणाले."

आईने हातातली चिठ्ठी भांड्याला लावली. नीट दाबून लावली.

"मी तिथेच उभी होते ना," म्हणाली. "जानेवारीपासून मी त्याच्या मागे लागले होते, हॉस्पिटलला चल म्हणून. ऐकायचा नाही. शेवटी म्हणाला, मार्नाला विचारू. ती जा म्हणाली तर जातो. म्हणून तर मी फोन लावला."

मी खुर्ची ओढून बसले.

"तू नको म्हणालीस तेव्हा मलाही हायसं वाटलं," आई म्हणाली. "खोटं कशाला बोलू. त्या दिवशी त्याने दोनदा वाढून घेतलं. मला कितीतरी दिवसांनी झोप लागली."

मग तिने नळ सोडला आणि विचारलं, "पेपर किती वाजता?"

"आठला. पण मी जाणार नाहीये. कुठल्या तोंडाने जाऊ?"

"आजच्या डॉक्टरबाईंनी किती वेळ बसवलं म्हणालीस?"

"तीन तास."

"ते शिकवतात का तिथे? तसं बसवून ठेवायला?"

"पुढे शिकवत असतील. मेडिकलला."

"मग नीघ," आई म्हणाली. माझ्याकडे वळली नाही. "उजेड आहे तोवर नीघ."

हे मी अंगणात बाबांच्या गाडीत बसून लिहितेय. साडेपाच झालेत. पाच तासांचा रस्ता आहे आणि ऑरगॅनिकचं एक पान उघडलेलं नाही. आईने स्वयंपाकघराचा पडदा सरकवलाय आणि मी अजून का थांबलेय ते बघतेय.